मागचं रीडिंग, चालू रीडिंग

बावीस वर्षं मी नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागात आरेखक आहे आणि या बावीस वर्षांत मी एकही माणूस काढलेला नाही. माणूस ज्यातून खाली उतरतो ती भोकं हजारोंनी काढली. त्यांची झाकणं काढली, खोली काढली, उतार काढले. पण आत उतरणारा माणूस काढायची वेळ कधी आली नाही, कारण आमच्या नकाशांत माणसाला जागाच नसते. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि परिस्थितीची किती, याचा निवाडा वाचकांनी करावा. घरात तो माझ्याविरुद्ध लागून चुकला आहे.

धाकटी म्हणजे माझी बहीण. दूरच्या शहरातली चांगली नोकरी, तिथून वर्षभराची रजा घेऊन ती आमच्याकडे राहायला आली, कशासाठी तर एकटीने कॉम्प्युटर गेम बनवायला. गेम साधा होता. पाण्याचे मीटर वाचणारा एक म्हातारा चार मजले चढतो, दारादारात थांबतो आणि आतलं बोलणं त्याच्या कानावर पडतं. बस. गोळीबार नाही, राक्षस नाही. "मग हरतं कोण?" असं मी विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी फक्त आमच्या साहेबांकडे पाहिली होती.

मीटरवाला का, हे विचारायची गरज नव्हती. बाबांनी एकतीस वर्षं तेच केलं. आता ते निवृत्त आहेत, आणि आई गेल्यापासून पलंग ते खिडकीजवळची खुर्ची एवढाच त्यांचा प्रवास उरला आहे. मी त्यांच्याशी बोलतो, नाही असं नाही. "पंखा वाढवू का?" असं विचारतो. ते "नको" म्हणतात. धाकटी आल्यापासून मात्र ती त्यांना मीटरच्या गोष्टी विचारायची आणि ते तासतासभर सांगायचे. मला त्यातली एकही गोष्ट माहीत नव्हती.

बाराव्या महिन्यात तिची चित्रकार बाई मोठ्या कंपनीत निघून गेली आणि जाताना आपली चित्रंही घेऊन गेली. धाकटी जेवताना हे सांगत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मी काढतो की!"

बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

अटी ऐकल्यावर मला शब्द मागे घ्यावासा वाटला, पण तोवर उशीर झाला होता. छोट्या गेम्सचं एक ऑनलाइन प्रदर्शन भरतं, वर्षातून दोनदा. महिनाअखेरच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत तुमच्या गेमच्या पानाला पाचशे फॉलोअर असले तरच आत प्रवेश. त्याच सोमवारी तिची रजा संपत होती. प्रदर्शनात शिरली तर ती नोकरी सोडून इथेच राहणार. नाहीतर 'रुजू होते' असं कळवून परत जाणार. म्हणजे ती राहणार की जाणार, हे माझ्या पेन्सिलीवर येऊन ठेपलं. ड्रेनेजची पेन्सिल ती. तिला अशा जबाबदाऱ्यांची सवय नाही.

त्या दिवशी आमचे फॉलोअर होते त्रेचाळीस. हे त्रेचाळीस कुठून आले ते मलाच ठाऊक होतं. अर्धं ऑफिस आणि बायकोचं अख्खं माहेर यांचे फोन हातात घेऊन मी स्वतः बटण दाबलं होतं. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. धाकटीने त्यांना तो आकडा दाखवला आणि म्हणाली, "बाबा, हा वाढला पाहिजे." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या रजिस्टरातलं कोरं पान काढलं आणि रकाने आखले: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, शेरा. रोज नऊ वाजता चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसायचे.

"मागचं त्रेचाळीस. चालू त्रेचाळीस," ते मोठ्याने म्हणायचे. "शेरा, काटा अडकलाय." आणि माझ्याकडे बघायचे. ऑफिसला निघायच्या वेळी हे ऐकून जाणं काही सुखाचं नसतं.

चित्रं चौकटींची हवी होती. बत्तीस चौकटी उंचीचा माणूस. हे ऐकून मला जरा धीर आला, कारण आलेख कागदावर माझी हयात गेली आहे. एका बैठकीत मी माणूस काढला आणि धाकटीपुढे ठेवला.

"दादा, हे काय आहे?"

"माणूस. वरून."

"वरून कशाला?"

"प्लॅन वरूनच काढतात."

"हे मॅनहोलचं झाकण दिसतंय," ती म्हणाली. मग मी बाजूने काढला, मापांसकट. तिने बराच वेळ पाहिला आणि हळूच म्हणाली, "छान आहे. पण हा चालतोय कुठे? हा उभा केलाय, दादा. भिंतीसारखा."

चालण्यासाठी आठ चित्रं लागतात. आठ चित्रं मिळून एक डावं आणि एक उजवं पाऊल. मी कपाटाच्या आरशासमोर चालून पाहिलं. आरसा अरुंद असल्यामुळे प्रत्येक वेळी अर्ध्या पावलानंतर मी दिसेनासा व्हायचो. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "कंबरेचं काही असेल तर आत्ताच सांगा, नंतर लपवू नका."

बातमी बाहेर जायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट वर आले. "मांजर टाका," ते म्हणाले. "लोकांना मांजर लागतं." मी म्हटलं, मीटरवाल्याच्या गेममध्ये मांजर कुठून आणू? "तेच तर! कुणाच्या ध्यानीमनी नसताना मांजर!" त्यांच्यामागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि त्यांनी एवढंच बजावलं की गेममध्ये कुठेही, कोणत्याही कोपऱ्यात, सोसायटीचं नाव येता कामा नये.

शेवटी मला सुचलं ते फार सोपं होतं. खरा मीटरवाला घरातच बसला होता.

"बाबा, जरा चालून दाखवता?"

"कुठे?"

"कुठे नाही. नुसतं, इथल्या इथे."

"नुसतं कशाला चालू?" ते खरोखरच गोंधळले. "काम काय आहे?"

मी काम सांगितलं. ते त्यांना काम वाटलं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी कारणाशिवाय पाऊल उचललेलं नव्हतं आणि आता या वयात सुरू करायचा त्यांचा विचार नव्हता. मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याची आठवण आली की अजून मला दरदरून घाम फुटतो. मी म्हटलं, "मग बिल्डिंगचे मीटर वाचून या."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना परत नोकरीवर घेतलं. शर्ट बदलला, खोचला. टॉर्च शोधला. रजिस्टर काखेत मारलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते दाराबाहेर पडले. मी पॅड घेऊन मागे. त्यांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे ते पाऊल किंचित बाहेर पडतं. प्रत्येक जिना चढण्याआधी ते भिंतीला दोन बोटं लावतात, परवानगी घेतल्यासारखी. हे मी जन्मभर समोर असून कधी पाहिलं नव्हतं. मी आनंदाने रेखाटत सुटलो आणि आजूबाजूला काय चाललंय याकडे माझं लक्षच राहिलं नाही.

आजूबाजूला हाहाकार चालला होता. टॉर्च घेतलेला एक म्हातारा मीटर वाचतो आहे आणि त्याच्यामागे नगरपालिकेचा माणूस काहीतरी टिपून घेतो आहे, हे दृश्य कोणाही सज्जनाच्या तोंडचं पाणी पळवणारं होतं. एजंट कुजबुजत विचारून गेले, "तोडणार का हो पाणी?" चौथ्या मजल्यावरच्यांनी गच्चीवर चोरून बसवलेला पंप तासाभरात चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला. सोळा घरांचे सोळा मीटर. त्यांतले पंधरा व्यवस्थित चालू होते. बाबा सोळाव्यासमोर थांबले, काच पुसली आणि ड्यूटीवरच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "दुसरा मजला, डावं दार. काटा बंद."

"बाबा," मी हलक्या आवाजात म्हणालो, "ते आपलं दार आहे."

"मग? दार कोणाचं ते मीटरला काय माहीत?" आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

सेक्रेटरींचा तक्रार अर्ज माझ्याआधी ऑफिसात पोचला. ड्रेनेज विभागाच्या कर्मचाऱ्याने वयोवृद्ध साथीदारासह बेकायदा तपासणी केली आणि त्यात त्याच्याच घराचं मीटर बंद सापडलं, असा त्याचा मथितार्थ. साहेबांनी मला उभंच ठेवलं. मी गेमचं सांगितलं. ते आणखी गंभीर झाले. "म्हणजे खाजगी काम करता? परवानगी घेतली?" मी म्हटलं, बहिणीला मदत आहे. "मदतीलाही परवानगी लागते. चित्रं दाखल करा. तीन प्रतींत."

आठ चित्रं, तीन प्रती. आवक-जावकच्या कारकुनाने ती चाळली आणि परत माझ्यापुढे सरकवली. "एकच चित्र आठदा जोडलंय."

"आठ वेगळी आहेत. तो चालतोय."

त्यांनी चष्मा पुसला. "तिसऱ्यात आणि पाचव्यात काय फरक?"

"उजवा पाय."

"मग तसं लिहून द्या." मी लिहून दिलं. 'प्रमाणित करण्यात येते की सदर इसमाचा उजवा पाय चित्र क्रमांक तीनमध्ये मागे व चित्र क्रमांक पाचमध्ये पुढे आहे.' खाली सही, हुद्दा, तारीख. त्यांनी प्रत्येकावर गोल शिक्का मारला, जो बहुतेक ठिकाणी त्या इसमाच्या तोंडावर उमटला, आणि मूळ प्रतींसकट सगळं फाइलला लावलं. फाइल पाणीपुरवठा विभागात गेली. मी परत आठ चित्रं काढली. दरम्यान चार दिवस गेले होते आणि बाबांचं रजिस्टर म्हणत होतं, त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस.

गुरुवारी पाणीपुरवठ्याचे निरीक्षक आले. सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. बाबा म्हणाले, "चला, मी दाखवतो." मी नको म्हटलं, धाकटी नको म्हणाली, पण ते शर्ट खोचून तयारच होते. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी भिंतीला दोन बोटं लावली आणि गुडघा दुमडला. ते पडले नाहीत. कठडा धरून तसेच थांबले, पण चेहरा पांढरा पडला होता. तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकू राहतात. त्यांनी मशीनसमोरची खुर्ची पळत आणून मागे सरकवली. बाबा बसले.

निरीक्षकांनी पेन खिशाला लावलं. मला इतकी भीती वाटली की हातांना काय करावं ते कळेना, आणि हातात पॅड होतं, म्हणून ते काढू लागले. मी बाबांना काढत होतो. खुर्चीत कलताना, गुडघ्यावर हात ठेवताना, डोळे मिटताना.

"अहो, त्यांना बरं वाटत नाहीये आणि तुम्ही चित्रं काय काढताय!" बायको सगळ्यांसमोर ओरडली. शरमेने माझी मान खाली गेली.

"काढू दे त्याला," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतोय."

मी पान उलटून काढत राहिलो.

निरीक्षकांनी फक्त आमच्या घराला नोटीस दिली आणि सेक्रेटरींनी ती वाचायला चष्मा मागवला. बाबांना मी आणि एजंटनी खुर्चीसकट खाली आणलं. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, मोडलेलं काही नाही, हळूहळू चालवा म्हणाले. पण बाबा चालेनात. काकूंची ती खुर्चीच त्यांनी धरून ठेवली. पलंगावर न्यायचं तर मी आणि धाकटी उचलणार, परत आणायचं तर दोघं. उठा म्हटलं की, "झालं आता," एवढंच म्हणायचे. धाकटी गेल्यावर हे कसं निभावणार, या विचाराने मला ऑफिसात नकाशावर नकाशा दिसेना.

शुक्रवारी तिने गेमचा नमुना पानावर टाकला. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवली होती. म्हातारा तिथे पोचला की कलायचा, हात गुडघ्यावर ठेवायचा, डोळे मिटायचा. शनिवारी सकाळी बाबांनी आकडा दोनदा वाचला. "मागचं त्रेचाळीस. चालू एकसष्ट." रविवारी दोनशे चार. मला आनंद व्हायच्या आधी मी लोकांची पत्रं वाचली. निम्म्यांत एकच तक्रार होती: म्हातारे उठत नाहीत.

खरंच उठत नव्हते. उठण्याची चित्रं मी काढलीच नव्हती. काढणार कुठून? बाबांना उठताना मी पाहिलंच नव्हतं. एकदा खुर्चीत बसला की तो माणूस कायमचा बसायचा आणि गेम तिथेच संपायचा. बावीस वर्षांत माझा एकही उतार चुकला नाही आणि इथे मी माणसाला बसवून विसरलो! मी धाकटीला म्हटलं, काढून टाक ती खुर्ची, आपली लाज गेली. तिने मला पुढची पत्रं वाचायला लावली. कुठल्या तरी देशातल्या, कधी न पाहिलेल्या एका बाईने लिहिलं होतं: 'मी गेम बंद केला नाही. दमले असतील. मी माझं काम करत बसले, ते शेजारी बसले होते.' अशी बरीच होती. लोक त्यांना बसवून ठेवत होते आणि दुसऱ्यांना बोलावून दाखवत होते.

सोमवारी साडेअकराला आकडा होता चारशे सत्त्याऐंशी. मी रजा टाकली होती, दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. दर मिनिटाला मी पान ताजं करत होतो. एवढ्यात एजंट आले, त्यांच्यामागे काकू, चौथ्या मजल्यावरचे, आणि शेवटी सेक्रेटरीसुद्धा, प्रत्येकाच्या हातात फोन. "तेराच कमी आहेत ना? आपण सोळा घरं आहोत," एजंट म्हणाले. सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "सोसायटीचं नाव कुठेतरी कोपऱ्यात टाकलंत तरी चालेल." ज्या लोकांना मी दोन आठवडे चुकवत होतो ते जिन्यात रांग लावून उभे होते.

"थांबा," खुर्चीतून आवाज आला. "हाताने काटा फिरवायचा नाही."

"बाबा, तेराच आहेत!" मी जवळजवळ रडत होतो. "बारा वाजायला आलेत!"

"ज्याला गेम बघायचाय त्याने बघून दाबावं. आकड्यासाठी दाबायचं नाही. एकतीस वर्षांत मी एक युनिट इकडचं तिकडे केलं नाही." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. "आणि ते पहिले त्रेचाळीस कोण? दोन आठवडे हलले नाहीत, म्हणून विचारतो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं. ऑफिस, सासुरवाडी, सगळं. बाबांनी शांतपणे त्रेचाळीसभोवती गोल काढला.

"बाबांचं बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

लोकांनी फोन खिशात घातले. बारा वाजले तेव्हा आकडा चारशे एक्क्याण्णव होता. शेजारी एकेक करून निघून गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, चेहऱ्यावर पाणी मारत राहिलो आणि बाबांचा इतका राग आला की मला माझीच भीती वाटली. मग आठवलं की नोटिशीनंतर नवीन मीटर बसवलंय. नळ बंद केला.

बाहेर आलो तर धाकटीने ऑफिसला लिहायचं पत्र उघडलं होतं. 'रुजू होते आहे.' बोट बटणावर.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "माझं रीडिंग राहिलंय." त्यांनी चष्मा लावला. "मागचं रीडिंग, शून्य धर. दादाचे त्रेचाळीस मी सोडले. चालू रीडिंग, चारशे अठ्ठेचाळीस. तीन दिवसांत."

"आणि शेरा?" तिने स्क्रीनकडेच बघत विचारलं.

"चालू." त्यांनी तो शब्द लिहिला, खाली रेघ मारली. "असं कनेक्शन आम्ही कधी बंद केलं नाही, बाळा. पुढच्या फेरीला येतो म्हणायचो आणि निघायचो. तुझी पुढची फेरी कधी आहे?"

"सहा महिन्यांनी."

"मग झालं तर."

मग तिने 'रुजू होते आहे' पुसलं आणि 'होत नाही' लिहिलं. परत पुसलं, परत लिहिलं आणि बटण दाबलं. दाबल्यावर मात्र ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली आणि मी घाबरून तिच्याकडे.

"दादा," ती नाक पुसत म्हणाली, "मग आता कामाला लागू या. सगळे एकच विचारतायत. ते उठतात कसे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी पाहिलेलं नाही."

बाबांनी रजिस्टर मिटून पलंगावर ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. एक हात पुढे करून भिंतीला दोन बोटं लावली.

"पेन्सिलीला टोक आहे ना?" ते म्हणाले. "मी दोनदा उठणार नाही."

एकूण बारा चित्रं झाली. शेवटच्या चारांत रेघा हललेल्या आहेत. धाकटीने त्या तशाच ठेवल्या.